रुखवतातली दोन विमानं

"जवळचा बाण धगीमागं जातो, राजी. लांबचा बाण हाकेमागं."

सायकलच्या दांडीवर बसलेल्या लहानग्या राजश्रीला हा आवाज मागून यायचा, अगदी भांगाच्या वर. राजस्थानातलं हवाई दलाचं ते ठाणं, दोन्ही बाजूंनी वाळू, मधून डांबरी रस्ता, आणि पोरीला शाळेत सोडायला निघालेले तिचे वडील, कवठे येमाईचे ज्ञानदेव भालेराव. विमानाच्या पंखाखाली क्षेपणास्त्रं चढवायचं त्यांचं काम. क्षेपणास्त्र हा शब्द पोरीच्या तोंडात मावत नव्हता, म्हणून घरात त्याला बाणच म्हणायचे. जवळच्या बाणाला समोरच्या इंजिनाची धग कळते, थंडीतल्या मांजराला चूल कळावी तशी. लांबच्या बाणासाठी रडारनं हाक घालायची. हाक समोरच्या विमानावर आपटून माघारी यायची आणि त्या पडसादाच्या वाटेनं बाण पळायचा.

"आन् बाण चुकला तर, आबा?"

"तर वैमानिकानं घरी यायचं. गरम भाकरी खायची. उद्या परत जायचं."

आबांचं विमान मिग-एकवीस. हलकं, एका इंजिनाचं, निमुळतं. सुगीत ज्वारीच्या कणसावरून पाखरू उठावं तसं उठायचं. आबा निवृत्त होऊन गावी आले, शेताला लागले, पण आभाळात कुठं घरघर झाली की खुरपं तसंच हातात धरून वर बघायचे. राजश्रीही बघायची. फक्त बापलेकीच्या डोळ्यांत एकच विमान नव्हतं, हे बापाला ठाऊक नव्हतं.

दोन हजार तीन सालचा उन्हाळा. राजश्रीचं लग्न जमत आलं होतं. मुलगा दौंडचा, रोहन ओव्हाळ, कुरकुंभच्या औषधांच्या कारखान्यात शिफ्टला. बोलणी करायला भालेराव मंडळी शिरूर, न्हावरा, चौफुला अशी एसटी बदलत दौंडला पोचली. मुलाचे वडील महेंद्र हेही हवाई दलातले, तेही बाण चढवणारेच, हे कळल्यावर ज्ञानदेवांना इतका आनंद झाला होता, की त्यांनी नवा सदरा शिवून घेतला होता.

पोहे झाले. चहा झाला. लग्न कवठ्याला, विहाराच्या अंगणात, मानपान नाही, बँड नाही, गायला भीमगीतांची मंडळी, सगळं गोडीत ठरलं. महेंद्रमामा म्हणाले, "सूनबाई दौंडातच राहील. रोहनची शिफ्ट इथनं जवळ पडती. लेकरं डोळ्यांपुढं राहिलेली बरी." ज्ञानदेव म्हणाले, "लाखमोलाचं बोललात."

राजश्रीनं कपात बघितलं. कपात चहा नव्हता.

तेवढ्यात घरावरून गडगडत काहीतरी गेलं. कपाटातली भांडी किणकिणली. महेंद्रमामांनी छताकडं बोट केलं, जणू छतावर त्यांचाच रेडा चालला होता.

"ऐकलंत, व्याही? सुखोई. लोहगावचं. दोन इंजनं. आवाजातच वजन हाय."

"आवाज व्हय?" ज्ञानदेव हसले. "आवाज तर रिकाम्या भांड्याचाबी मोठा असतो."

झालं. पोह्यांच्या बश्या उचलणाऱ्या बायका बश्यांसकट थांबल्या.

"रिकामं? आठ-आठ बाण चढवलेत मी त्याच्यावर! आर-त्र्याहत्तर जवळचा, आर-सत्तावीस लांबचा. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, कंबर अजून मोजती."

"आमच्याकडं दोन चढवले की इमान तयार. चहा निवायच्या आत दुसऱ्यांदा आभाळात."

"आन् दोन संपले की? वैमानिकानं चप्पल फेकायची?"

"दोन लागत्यात कुणाला? एकातच काम! आन् तुमचं ते एवढं धूड, दुश्मनाला रडार कशाला पायजे? गच्चीवरची म्हातारीबी बोट दाखवून सांगंल, त्ये बघा आलं म्हणून."

"म्हातारी कुणाला म्हंता?" कोपऱ्यातून आवाज आला. महेंद्रमामांच्या आई आक्काबाई. सुपारी फोडता फोडता त्यांनी अडकित्ता उगारला.

"तुमाला न्हाई, आत्या. मोघम म्हातारी."

"मोघम म्हातारी नसती. ज्याच्या त्याच्या घरचीच असती."

हशा झाला, पण दोघे व्याही थांबेनात. महेंद्रमामा म्हणाले, मिग उडतं न् उडतं तोच त्याचं तेल संपतं, शिरूरहून निघालं तर नगरला पोचून परत वळायला लागतं. ज्ञानदेव म्हणाले, एका सुखोईच्या किमतीत आमची पाखरांची माळ येते, एक पाडाल, दोन पाडाल, तिसरं पाठीमागं असतं. महेंद्रमामा म्हणाले, तुमचं पाखरू जवळ येण्याआधीच आमचं रडार त्याला बघतं, हाक तिथंच लागते. ज्ञानदेव म्हणाले, ल्हान वस्तू उशिरा दिसती. महेंद्रमामा म्हणाले, ल्हान डोळ्यालाबी उशिरा दिसतं. शेवटी ज्ञानदेवांनी टोपी डोक्यावर चढवली. टोपी चढवलेला व्याही म्हणजे उठायच्या बेतातला व्याही. राजश्रीच्या आईनं, कुशाबाईंनी, नवऱ्याच्या सदऱ्याचं टोक धरून ठेवलं.

आक्काबाईंनी सुपारी तोंडात टाकली. "बसा खाली दोघंबी. बायामाणसांचं घर हाय हे, इमानतळ न्हाई. भांडण रुखवतात मांडा. पोरीकडनं हलकं येऊ द्या, आमी जड आणतो. गाणी म्हणू, बघू कोण हटतंय."

"अवो आत्या," कुशाबाई म्हणाल्या, "वराकडचं रुखवत कवा कुणी बघितलंय का?"

"न्हाई ना? मग बघा आता."

परसात नळाखाली कप विसळताना राजश्रीच्या शेजारी रोहन येऊन उभा राहिला. त्यानं हळूच विचारलं, "सांगितलंस?"

"कसं सांगू? ऐकलंस ना आतलं?"

सांगायचं होतं ते एवढंच. राजश्रीनं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता. नाशिकजवळ ओझरला विमानांचा कारखाना, तिथं तिची निवड झाली होती. विमानाच्या पोटातली रडारची वायरिंग जोडायची, तपासायची. लग्नानंतरच्या सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याची. आधी एकदा दोघं पाटसच्या थांब्यावर भेटले, तिथं तिनं हे रोहनला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला होता, औषधांचे कारखाने नाशकातबी हायत, मी बघतो. आणि त्यानं खरंच बघितलं होतं.

"तूच सांग ना मामांना," ती म्हणाली.

"मी सांगितलं तर म्हणतील, लगनाआधीच पोरगं बायकोच्या ताटाखालचं मांजर झालं. नोकरी तुझी. तुझ्या तोंडून शोभंल. मी मागं उभा हाय."

"मागं उभं राहणाऱ्यांना काय जातंय."

"पुढं उभा राहिलो तर तू दिसणार न्हाईस," तो म्हणाला, आणि तिला हसू आलं. पण हसू कपाबरोबर विसळलं गेलं. सासऱ्याला सून डोळ्यांपुढं हवी होती. आबांची तर आणखीनच पंचाईत. ओझरला जी विमानं जोडली जाणार होती, ती हलकी नव्हती. लग्न लागल्यावर सांगितलं तर फसवल्यासारखं होईल, आणि आधी सांगितलं तर लग्न लागेल की नाही कुणास ठाऊक. तिनं मनाशी ठरवलं, हार घालायच्या आधी सांगायचं. हार गळ्यात पडला की मान मोकळी राहत नाही.

कवठ्याला घरात विमान तयार होऊ लागलं. सरळ, पांढरा, हातभर दुधी भोपळा घेतला. पंखांना पापड. शेपटाला कुरडई, कारण इंजिनाच्या मागल्या ज्वाळा कुरडईसारख्याच कुरळ्या दिसतात, असं ज्ञानदेवांचं म्हणणं. मिगचं तोंड पुढं गोल उघडं असतं, तिथून ते हवा पितं. त्या तोंडाला हिरव्या बांगड्यांची कड लावली. आणि दोन पंखांखाली शेवग्याच्या दोन शेंगा. त्या शेंगा ज्ञानदेवांनी स्वतः चढवल्या. आधी गुडघा टेकला, मग खालून तळहात लावला, मग दोऱ्यानं बांधून दोनदा हलवून बघितल्या. राजश्री बघत राहिली. आबांनी पंखाखाली वाकून आयुष्य काढलं. बाण चढवला आणि मान वर करून विमान जाताना बघितलं, पुन्हा वाकले. विमानाचं हे वेड म्हणजे बापाचं देणं; ते आपल्यापर्यंत आलं, आणि आपण ते त्यालाच सांगत नाही.

"आबा," ती म्हणाली, "सुखोईचं रडार म्हणं एकाच टायमाला पुष्कळ इमानांवर नजर ठेवतं."

"ठेवंल की. पाटलाचीबी सगळ्या गावावर नजर असती. म्हणून काय सगळी हाताला लागत्यात?" ते शेंग हलवत म्हणाले. "नीट बघ, ही डावी जरा सैल वाटती का?"

"न्हाई. घट्ट हाय," ती म्हणाली, आणि पुढचं गिळून टाकलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी सकाळीच दौंडचा टेम्पो विहाराच्या दारात आला आणि त्यातून वऱ्हाडाआधी विमान उतरलं. चार माणसांनी उचललं. पोट म्हणजे भलामोठा लाल भोपळा, पंख म्हणजे दोन सुपं, इंजिनांच्या जागी घासून लख्ख केलेले दोन पितळी तांबे, आणि सुपांखाली, पोटाखाली, जिथं जागा मिळेल तिथं ऊस. मोजून आठ. पाटसकडच्या मळ्यातला, रसानं तटतटलेला.

"ह्ये उडणार कसं?" कुणीतरी विचारलं.

"उडालं तर गावाला रस मिळंल," महेंद्रमामा म्हणाले.

विहाराच्या अंगणातल्या मांडवात पांढऱ्या चादरीवर दोन्ही विमानं समोरासमोर मांडली. आत तथागतांच्या मूर्तीपुढं आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं मेणबत्त्या लावायची तयारी चालली होती. बाहेर बायकांनी दोन्हीकडं पदर खोचले. कुशाबाईंनी सुरुवात केली. त्यांचा आवाज बारीक, पण लांब जाणारा.

"लहान माझं पाखरू गं, गव्हाच्या ओंबीवाणी,
डोळ्यांपुढं येई तवा संपलेली कहाणी!"

कवठेकर बायांनी टाळ्या दिल्या. आक्काबाई पुढं झाल्या. त्यांचा आवाज जाड, जात्याच्या खालच्या तळीसारखा.

"आमचा गरुड मोठा गं, आठ बाण पंखाखाली,
शिरूरचं पाखरू उठे, याची नगरची फेरी झाली!"

"आठ बाणांच्या ओझ्यानं वाकला बाई पंख,
विंचवाला वजन किती? तरी जळतो ना डंख!"

"विंचू डसतो पायापाशी, आमचा डसतो दुरून,
तुमी दार उघडायच्या आत आला बघा शिरून!"

हसून हसून माणसं चादरीवर वाकली. महेंद्रमामा आईच्या मागं छाती काढून उभे होते. ज्ञानदेव बायकोला मागून शब्द पुरवायला बघत होते आणि ती कोपरानं त्यांना ढकलत होती. पांढरी साडी नेसून विहारालगतच्या खोलीच्या उंबऱ्यात उभी असलेली राजश्रीही हसत होती, पण तिचं मन एकाच ठिकाणी अडकलं होतं. आत मेणबत्त्या लागल्या, बौद्धाचार्यांनी बोलावलं, की हार हातात येणार.

कुशाबाईंना पुढचं कडवं सुचेना. त्यांनी दम घ्यायला म्हणून शेजारच्या ताटातल्या फुलांच्या पाकळ्या ओंजळीत घेतल्या. वधूवरांवर उधळायला ठेवलेल्या त्या पाकळ्या. म्हणाल्या, "भांडण पुरे, दोन्ही पाखरांचं स्वागत करू," आणि ओंजळ दोन्ही विमानांपुढं मोकळी केली. झेंडूच्या, गुलाबाच्या पाकळ्या बांगड्यांच्या कडेवर पडल्या, तांब्यांच्या तोंडांपुढं पडल्या, सगळीकडं झाल्या.

"हं हं हं!"

दोन आवाज एकदम आले. एक कवठ्याचा, एक दौंडचा. दोन्ही व्याही एकाच वेळी पुढं झेपावले आणि एकाच वेळी खाली वाकले.

"इंजनापुढं पाकळी?" ज्ञानदेव म्हणाले.

"कोण टाकतंय ते!" महेंद्रमामा म्हणाले.

आणि दोघं वेचायला लागले.

हवाई दलात सकाळी पहिलं विमान सुटायच्या आधी एक काम असतं. साहेबापासून स्वयंपाक्यापर्यंत सगळे धावपट्टीवर खांद्याला खांदा लावून ओळीत उभे राहतात आणि माना खाली घालून चालत जातात. खडा, खिळा, दोऱ्याचं टोक, काय दिसेल ते उचलायचं. इंजिन हवा ओढतं तेव्हा खडाही ओढतं, आणि चिमटीएवढा खडा कोट्यवधींचं इंजिन खातो, वैमानिकासकट. वीस-वीस वर्षं ज्यांनी हे केलं, त्यांच्या कण्यालाच ती सवय लागते. समोर दुधी आहे की भोपळा, ते कणा विचारत नाही.

बांगड्यांपुढच्या पाकळ्या संपल्या. तांब्यांपुढच्या संपल्या. पण ओळीत चालणारा माणूस मध्येच थांबत नसतो, पट्टीच्या टोकापर्यंत जायचंच असतं. दोघं खांद्याला खांदा लावून, वाकून, मांडवाच्या दुसऱ्या टोकाकडं निघाले. वाटेत खडे उचलले, काडी उचलली, कुणाच्या साडीची टिकली उचलली.

"तुमच्या सुखोईला तर म्हणं जाळी असती तोंडात. खडा आत जात न्हाई," ज्ञानदेव वाकल्या वाकल्या म्हणाले.

"जाळी हाय म्हणून पायाखालचा खडा सोडायचा का, व्याही? आमच्या शेजारच्या पट्टीवर तुमची मिगंबी उभी असायची की."

ज्ञानदेवांनी वाकल्या वाकल्याच मान वळवली. "खरंच वेचायचे तुमी आमच्यासाठी?"

"खड्यावर कुठं लिवलेलं असतंय, हलक्याचा का जडाचा."

"तुमची कंबर दुखती म्हणला होता."

"दुखतीय की! पर सवय दुखण्यापेक्षा जुनी हाय."

ज्ञानदेव खो खो हसायला लागले. हसता हसता त्यांनी मूठभर खडे महेंद्रमामांच्या टोपीत टाकले. महेंद्रमामांनी टोपी उलटी धरली होती ती त्यासाठीच.

आता कवठेकरांना वाटलं, ही दौंडकडची रीत असावी. दौंडकरांना वाटलं, कवठ्याची असावी. रीत म्हटल्यावर मागं कसं राहायचं? एक पावणा ओळीत शिरला, मग दुसरा, मग बायका, मग भीमगीतांच्या मंडळींतला ढोलकीवाला, गळ्यात ढोलकी तशीच. बघता बघता मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसांची ओळ वाकून चालू लागली. "काय हुडकायचं हाय?" "ठाऊक न्हाई, पर दिसंल ते उचल." आक्काबाई काठीच्या टोकानं खडे दाखवत होत्या आणि शेजारच्या पोराकडून उचलून घेत होत्या. बौद्धाचार्य दारात येऊन म्हणाले, "वंदनेची वेळ झाली," आणि समोरच्या सगळ्या पाठी बघून स्वतःच पायापुढचा एक खडा उचलून बाजूला झाले.

राजश्री उंबऱ्यातून उतरली. साडीच्या निऱ्या एका हातात धरल्या आणि ओळीत जाऊन शिरली, बरोबर मधोमध, आबा आणि मामांच्या मध्ये. रोहन धावत येऊन मागं उभा राहिला. तिनं दोन पाकळ्या उचलल्या, एक खडा उचलला. आबा पुटपुटले, "राजी, नवरीनं वाकू नये."

"नवरी कशी, हार कुठं घातलाय अजून?" ती म्हणाली. दोघांच्या मध्ये चालताना तिला दोन्हीकडून घामाचा आणि नव्या कापडाचा तोच तो वास येत होता. एक बाप हलका, एक जड, असं काही तिथं कळत नव्हतं. मांडवाचं टोक जवळ आलं. ओळ थांबली. माणसं कंबर धरत, हसत सरळ होऊ लागली.

"आबा, मामा," ती म्हणाली. "सरळ व्हायच्या आधी ऐका. सरळ झालात की माझी हिंमत व्हायची न्हाई."

दोघं वाकलेलेच राहिले. माना तेवढ्या तिच्याकडं वळल्या.

"मला ओझरच्या इमानांच्या कारखान्यात नोकरी लागलीय. येत्या सोमवारी हजर व्हायचंय. मी दौंडात राहणार न्हाई, मामा. आमी दोघं नाशकाला राहणार. हार घालायच्या आधी तुमाला कळावं म्हणून सांगते."

महेंद्रमामांनी रोहनकडं बघितलं. रोहन म्हणाला, "मलाबी तिकडं काम मिळतंय, पप्पा. औषधाचंच."

"लांब हाय की रे ओझर," महेंद्रमामा हळू म्हणाले.

"लांब?" मागून आक्काबाईंची काठी जमिनीवर आपटली. "मगाधरनं मी गळा फाडून गातेय, आमचा लांब जातो, आमचा लांब जातो. मग सुनंनंच तेवढं वेशीत बसायचं व्हय रं?"

महेंद्रमामांनी टोपीतले खडे एकदा हलवले, आणि मग त्यांच्या मिशा हसल्या. "ये बाई सुट्टीला. रेल्वे हाय आमच्या गावाला."

ज्ञानदेव अजून वाकलेलेच होते. बोटांत एक झेंडूची पाकळी होती, ती त्यांनी उगीचच उलटी-सुलटी करून बघितली.

"काम काय?" त्यांनी विचारलं.

"रडारची वायरिंग, आबा. जोडायची, तपासायची."

"कुठल्या इमानाच्या?"

ढोलकीवाल्यानं ढोलकीवर हात ठेवला, ती चुकून वाजू नये म्हणून. राजश्रीनं बापाचा हात धरला, तेलानं आणि वर्षांनी काळवंडलेल्या नखांचा तो हात, आणि एका श्वासात सगळं सांगून टाकलं.

"सुखोईच्या. आन् आबा, खरं सांगू का? लोहगावचं पहिलं सुखोई आपल्या वावरावरनं गेलं, तवापासनं मला तेच आवडतंय."